कोमोडो ड्रॅगन आणि समुद्री गोगलगाय : तक्त्यात खरं काय लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सातवीत, घर दादरला. शाळेत विज्ञान प्रकल्पासाठी चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला दोन प्राणी दिले. हिच्या वाट्याला जगातली सगळ्यात मोठी घोरपड, म्हणजे कोमोडो ड्रॅगन, आणि समुद्री गोगलगाय आली. आकार, वजन, अन्न, देश हे रकाने भरून झाले आणि गाडी तिथेच अडली. दोघांत साम्य काहीच नाही, मग तुलना कशाची करायची, असं मुलीचं म्हणणं आहे. आईने आणखी दोन प्रश्न विचारले आहेत : यातलं जास्त धोकादायक कोण, आणि मुंबईत राहून मुलीला यातलं काही प्रत्यक्ष दाखवता येईल का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते ऐकून लेक खूश होईल. दाखवता येईल. कोमोडो ड्रॅगन बघायला इंडोनेशियाला जावं लागतं, पण त्याची सख्खी चुलत बहीण, आपली साधी घोरपड, आरेत आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, पवईच्या तलावाकाठी आहे. आणि समुद्री गोगलगाय तर तुमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या खडकांवर आहे. मी बावीस वर्षं मुंबईत साप आणि घोरपडी सोडवण्याचं काम करते, आणि गेली आठ-नऊ वर्षं ओहोटीला लोकांना खडकांवर घेऊन जाते. सकाळी वाळकेश्वरच्या डबक्यात गोगलगाय बघितली आणि दुपारी भांडुपला घोरपड पकडायला गेले, असे दिवस माझ्या वाट्याला बरेच आले आहेत. म्हणून हा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही. उत्तर लांबणार आहे.

आधी लेकीला सांगा की आकाराचा रकाना खोटा नाही, पण त्यातून काही कळत नाही. नीट मोजलेला सगळ्यात मोठा कोमोडो ३.१३ मीटर लांब आणि १६६ किलोचा होता, आणि त्या वजनात पोटातलं न पचलेलं जेवणही धरलेलं होतं. जंगलातला मोठा नर साधारण ७० ते ९० किलोचा असतो. आता दुसरी बाजू. समुद्री गोगलगाय हा एकच प्राणी नाही. पाठीवरचा शंख टाकून दिलेल्या किंवा नावापुरता उरलेल्या अनेक घराण्यांचं ते मिळून एक नाव आहे. त्यातल्या न्यूडिब्रँक म्हणतात त्या गटाच्याच तीन हजारांच्या आसपास जाती आहेत. मुंबईत दिसतात त्या नखापासून बोटाएवढ्या. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा काळा समुद्री ससा, तोही याच गोतावळ्यातला, जवळजवळ मीटरभर लांब आणि १४ किलोपर्यंत भरतो. त्यामुळे ‘एक महाकाय, एक चिमुकली’ असं सरसकट लिहू नका.

माझा सल्ला असा की गोगलगायींतली एकच निवडा, आणि ती म्हणजे ग्लॉकस. इंग्रजीत तिला ‘ब्लू ड्रॅगन’ म्हणतात. म्हणजे तक्त्यावर दोन ड्रॅगन समोरासमोर येतील : एक ३ मीटरचा, दुसरा ३ सेंटिमीटरचा. बरोबर शंभरपट. सातवीच्या मुलीला हे प्रमाण फळ्यावर काढून दाखवता येतं.

आता मुख्य मुद्दा. मला विचाराल तर या दोघांची तुलना एकाच प्रश्नावर करायला हवी : जगण्यासाठी लागणारं हत्यार कुठून आलं? घोरपडीचं हत्यार तिच्या स्वतःच्या अंगात तयार होतं. गोगलगायीचं बरंचसं हत्यार उसनं आहे, दुसऱ्याच्या अंगातून काढून घेतलेलं. एक घरचं, एक उसनं. बाकीचे रकाने या एका प्रश्नातून सुटत जातात.

कोमोडोचे दात बघा. साठेक दात, मागे वळलेले, आणि आतल्या कडेला करवतीसारखे दाते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की या दात्यांवर आणि टोकांवर लोहाचा नारिंगी थर असतो, त्यामुळे धार टिकते. गंमत म्हणजे त्याचा चावा आकाराच्या मानाने मुळीच जोरकस नाही. कवटी हलकी आहे. तो मगरीसारखा दाबून चिरडत नाही. दात रुतवतो आणि मानेच्या ताकदीने मागे ओढतो. विळ्याने गवत कापताना आपण विळा दाबत नाही, ओढतो, तसं. सावज फाटतं.

आणि विष. इथे लेकीच्या वहीत एक दुरुस्ती बहुधा करावी लागेल. ‘कोमोडोच्या लाळेत घाणेरडे जंतू असतात, चावा घेतल्यावर तो दिवसेंदिवस सावजामागे फिरतो आणि जंतूंमुळे ते मरतं’, हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. मीही सुरुवातीची कित्येक वर्षं शाळांमध्ये हेच सांगत होते. ते आता खोडा. २००९ मध्ये ब्रायन फ्राय हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की कोमोडोच्या खालच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी आहेत. त्यांची तोंडं दातांच्या मधल्या फटीत उघडतात, आणि त्या विषाने रक्तदाब उतरतो, रक्त गोठत नाही. २०१३ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या कोमोडोंच्या तोंडातले जंतू तपासले तेव्हा ते इतर मांसाहारी प्राण्यांच्या तोंडात असतात तसलेच निघाले. पाणम्हशी जखमेत जंतू शिरून मरतात हे खरं, पण चावल्यावर त्या घाण पाण्यात जाऊन उभ्या राहतात, जंतू बहुतेक तिथून येतात. विषाचा वाटा किती आणि जखमेचा किती यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण हत्यार घरचं आहे, यात वाद नाही.

आता ३ सेंटिमीटरचा ड्रॅगन. पावसाळ्यात जुहूला किंवा गिरगाव चौपाटीला गेलात तर वाळूवर निळसर फुगे पडलेले दिसतात, शेपटीसारखा निळा दोरा लोंबणारे. पेपरात ‘ब्लू बॉटल’ म्हणून बातमी येते, दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कुणा ना कुणाच्या पायाला चटका बसतो. त्या दोऱ्यात हजारो सूक्ष्म डंख-पेशी असतात. प्रत्येकीत वेटोळं करून ठेवलेली विषारी सुई, आणि जरा धक्का लागला की ती सुटते. ग्लॉकसचं हेच जेवण. ती हे दोरे खाते, त्यातल्या न उडालेल्या सुया पचवत नाही, त्या आतड्यातून पाठीच्या बाजूने फुटलेल्या बोटांसारख्या फांद्यांच्या टोकापर्यंत नेते आणि तिथल्या पिशव्यांत साठवून ठेवते. मग कुणी तिला चावायला आलं की त्याच सुया त्याच्या तोंडात. साठवून दाट झाल्यामुळे तिचा डंख मूळ ब्लू बॉटलपेक्षाही झोंबू शकतो. खाताना तिला स्वतःला इजा का होत नाही, तर अंगावरचा चिकट स्राव बराचसा बचाव करतो, आणि शिवाय अपक्व, अजून उडायला तयार नसलेल्या पेशीच ती जास्त करून राखून ठेवते. पक्व त्या तिच्या अंगात होतात.

शत्रूच्या दारूगोळ्यावर आपला किल्ला लढवायचा, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं समजवायला नको.

ग्लॉकस उघड्या समुद्रात राहते, पोटात हवेचा बुडबुडा धरून पाण्याच्या पृष्ठभागाला उलटी चिकटलेली. निळं पोट वर, चंदेरी पाठ खाली. वरून पक्ष्याला समुद्राचा निळा रंग दिसतो, खालून माशाला आकाशाची चमक. वारा आणि प्रवाह नेतील तिथे जाते. डिसेंबर २०२३ मध्ये चक्रीवादळानंतर चेन्नईच्या बेझंट नगर किनाऱ्यावर अशा गोगलगायी वाहून आल्या होत्या. मुंबईच्या वाळूवर कधी निळं, फांद्या फुटलेलं काही दिसलं तर फोटो काढा, हात लावू नका. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, कारण ती इतकी सुंदर दिसते की हात जातोच.

उसनवारीचं दुसरं उदाहरण मुंबईतच बघायला मिळतं. खडकावरच्या हिरव्या शेवाळावर एलिसिया नावाची गोगलगाय असते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिला शेवाळाचा सुटा तुकडा समजून पुढे गेले होते. बरोबरच्या एका कोळी मुलाने हाक मारली, “ताई, ह्यो पाला चालतो.” गुडघे टेकून बसले. दीड सेंटिमीटरचं हिरवं पान, कडा दोन्ही बाजूंनी वर दुमडलेल्या, त्या कडांच्या आत बारीक शिरांसारखी नक्षी. पुढे दोन लहान शिंगं. पाण्यावर माझी सावली पडली तशी तिने पान मिटलं. सावली काढली, हळूहळू पुन्हा उघडलं. ही शेवाळाच्या पेशीला भोक पाडते, आतला रस ओढून घेते, आणि त्यातले हरितकण, म्हणजे वनस्पती ज्यांनी उन्हातून अन्न बनवते ते कण, न पचवता आपल्या अंगात ठेवून देते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची तिची एक बहीण असे कण अंगात बाळगून खाण्याशिवाय कित्येक महिने जगते. त्यात उन्हाच्या अन्नाचा वाटा किती आणि साठ्याचा किती, यावर अजून काम चालू आहे.

‘उसनं’ म्हटलं म्हणून आळशी समजू नका. गोगलगायीने आपलं घर सोडलं आहे. हे मुलांना फारसं कुणी सांगत नाही : बहुतेक समुद्री गोगलगायींच्या पिल्लाला, अंड्यातून बाहेर पडून पाण्यात तरंगत असतं तेव्हा, शंख असतो. बारीक, पारदर्शक, पण शंखच. तळाला उतरून मोठं व्हायच्या वेळी ते तो टाकून देतं. म्हणजे ढाल टाकली, आणि ढालीशिवाय जगायचं तर विष, डंख, रंग, काहीतरी हवंच. न्यूडिब्रँकचे भडक रंग हे बऱ्याचदा त्याचीच पाटी असतात : माझ्यात स्पंजाचं विष आहे, मला खाऊ नको. मुंबईच्या नावाची एक ठिपकेदार न्यूडिब्रँकही आहे, गोनिओब्रँकस बॉम्बेयानस. १९४६ साली तिला हे नाव मिळालं. शहराचं नाव बदललं, तिचं राहिलं. तक्त्यावर तिचं नाव नक्की लिहा.

उलट कोमोडो ढाल वाढवत नेतो. मोठ्या कोमोडोच्या कातडीखाली हाडांच्या बारीक तुकड्यांची जाळी असते, साखळ्यांच्या चिलखतासारखी. पिल्लांना ती नसते, वयाप्रमाणे वाढते. एकीचं चिलखत लहानपणी असतं आणि मोठेपणी जातं, दुसऱ्याचं लहानपणी नसतं आणि मोठेपणी येतं. मग कोमोडोचं पिल्लू काय करतं? झाडावर राहतं. कारण मोठे कोमोडो पिल्लांनाही खातात आणि जड अंगाने झाडावर चढू शकत नाहीत.

आता साम्य. ‘साम्य काहीच नाही’ हे वाक्य मी तरी खोडेन. दोघंही वासावर जगतात, आणि दोघांनीही वास घ्यायला दोन टोकं पुढे काढली आहेत. घोरपडीची जीभ दुभंगलेली असते. ती हवेतले, जमिनीवरचे वासाचे कण उचलते आणि टाळूतल्या खास इंद्रियाकडे देते. दोन टोकांपैकी डाव्यावर वास जास्त आला तर सावज डावीकडे. आपण दोन कानांनी आवाजाची दिशा ओळखतो तसं. न्यूडिब्रँकच्या डोक्यावरची दोन शिंगं पाण्यात विरघळलेला वास टिपतात. डोळे तिला असून नसल्यासारखे, उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पण त्या दोन शिंगांवर ती तिच्या आवडीचा नेमका स्पंज शोधत जाते. या दोघांचा शेवटचा समान पूर्वज ५० कोटी वर्षांहूनही मागे आहे. एकाला कणा आहे, दुसरीला नाही. तरी दोघं दोन टोकांच्या वासावर येऊन पोचले.

घोरपडीची जीभ मी सगळ्यात जवळून बघितली ती भांडुपच्या एका सोसायटीच्या पंपाच्या खोलीत. पावसाळा, जुलै. रखवालदाराने फोन केला की आत मगर आहे. आत चार फुटांची घोरपड, पंप आणि भिंतीच्या मधल्या फटीत. मी टॉर्च जमिनीकडे धरून दाराशी बसले आणि पाच मिनिटं काहीच केलं नाही. आधी तिने फुत्कार टाकला. सायकलच्या ट्यूबमधून हवा सोडावी तसा, लांब आणि जाड आवाज. गळा फुगला. मग थोड्या वेळाने जीभ आली, निळसर, लांब, टोकाला फाटलेली, जमिनीला टेकून आत गेली. पुन्हा आली, या वेळी माझ्या बुटाच्या दिशेने. मी कोण, हे ती जिभेने बघत होती. तिला ओढायचा प्रयत्न मी केला नाही. फटीत बसलेली घोरपड अंग फुगवते, नखं रोवते, आणि मग माणसाच्या ताकदीने निघत नाही. ओढलं तर तिलाच इजा होते. सिंहगडाच्या गोष्टीतली यशवंती खरी की दंतकथा हे इतिहासकारांनी ठरवावं, पण ही गोष्ट घोरपडीलाच का चिकटली, हे त्या पंपाच्या खोलीत मला समजलं. दिवा बंद केला, दार अर्धं उघडं ठेवलं, बाहेर गोणपाटाची पिशवी लावली. पाऊण तासाने ती स्वतःहून त्यात गेली. वनखात्याला कळवून तिला जंगलाच्या हद्दीत सोडलं.

त्या गळ्याबद्दल आणखी एक. सरडा-पालीच्या जातीतल्या बहुतेकांना पळताना नीट श्वास घेता येत नाही, कारण पळायला आणि छाती हलवायला तेच स्नायू लागतात. म्हणून सरडा थोडं पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. घोरपडीने यावर उपाय काढला आहे : गळा भात्यासारखा वापरून ती हवा फुप्फुसात ढकलते आणि पळत राहते. लेकीला आरेत घोरपड दिसली तर गळ्याकडे बघायला सांगा. आणि खडकावर न्यूडिब्रँक दिसली तर पाठीच्या मागच्या टोकाकडे बघायला सांगा. बऱ्याच जातींत तिथे फुलासारखा एक तुरा असतो, ते तिचे कल्ले. उघड्यावर, अंगाबाहेर. जरा पाणी हललं की तुरा आत ओढला जातो, मिनिटभराने पुन्हा फुलतो. श्वासाच्या रकान्यात गळ्याचा भाता आणि पाठीवरचं फूल, अशी दोन चित्रं काढा. माझ्या मते सगळ्या तक्त्यात ही जोडी सगळ्यात देखणी होईल. शेजारी रक्ताचा रकाना घ्या : घोरपडीचं रक्त आपल्यासारखं लोहाचं, लाल. गोगलगायींत मात्र प्राणवायू वाहायला बहुधा तांब्याचं हिमोसायनिन असतं, प्राणवायू मिळाला की निळसर होणारं.

तुटलेला अवयव पुन्हा येतो का, हा रकाना शाळेच्या तक्त्यात नसतो, तो घाला. घरातली पाल शेपटी टाकून पळते आणि तिला नवी येते, म्हणून लोकांना वाटतं घोरपडीलाही येईल. येत नाही. घोरपड शेपटी टाकत नाही, आणि तुटली तर ती कायमची गेली. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीत कुणीतरी घाबरून लोखंडी दार घोरपडीवर आपटलं. मी पोचले तेव्हा अर्धी शेपटी दाराच्या आत होती आणि घोरपड बाहेर गटाराच्या जाळीजवळ. “अहो, पालीसारखी येईल की पुन्हा,” असं मला तिथे चार जणांनी सांगितलं. जखम बरी झाली, जनावर जगलं, पण शेपटी हेच तिचं वल्हं, तिचा तोल आणि तिचा फटकारा. ते तिला परत मिळालं नाही. हे मला अजून लागून राहिलं आहे, म्हणून प्रत्येक ठिकाणी सांगते.

आणि गोगलगाय? २०२१ मध्ये जपानच्या नारा महिला विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलं की एलिसियाच्या दोन जाती आपलं सगळं धडच टाकून देतात. हृदयासकट. नुसतं डोकं उरतं, ते चालतं, काही तासांतच शेवाळ खाऊ लागतं, आणि तीन आठवड्यांच्या सुमारास त्याला नवं धड येतं. म्हाताऱ्या गोगलगायींना मात्र हे जमलं नाही. शेपटी न येणारी घोरपड आणि धड आणणारी गोगलगाय. यापेक्षा मोठा फरक मला तरी माहीत नाही.

पिल्लांचा रकाना बाईंना चालत असेल तर घ्या. गोगलगायी बहुतेक एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही असतात. दोघी भेटतात आणि दोघीही अंडी घालतात. खडकाच्या खालच्या अंगाला पांढरी किंवा पिवळी फीत गुंडाळी करून चिकटवलेली दिसते, जिलबीसारखी. ती अंडी. कोमोडोत नर-मादी वेगळे, पण २००६ मध्ये इंग्लंडमधल्या लंडन आणि चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या माद्यांनी नराशिवाय फळलेली अंडी घातल्याचं सिद्ध झालं. त्यातून निघणारी पिल्लं नरच असतात. कोमोडोत नर की मादी हे ठरवणारी दोन गुणसूत्रं मादीत वेगवेगळी आणि नरात सारखी असतात, म्हणून. एकटी मादी बेटावर पोचली तरी वंश सुरू होऊ शकतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

बुद्धीबद्दल एकच वाक्य : समुद्री सशाच्या अंगात सगळ्या मिळून वीसेक हजार मज्जापेशी असतात, आणि त्यांच्यावर काम करूनच एरिक कँडेल यांना आठवण कशी साठते हे दाखवता आलं, २००० साली नोबेल मिळालं. औषधांबद्दलही थोडक्यात. समुद्री सशाच्याच एका जातीत सापडलेल्या विषाच्या धर्तीवर बनवलेलं औषध २०११ पासून हॉजकिन्स लिम्फोमा या कॅन्सरवर वापरात आहे. (ते विषही मूळचं त्याने खाल्लेल्या सूक्ष्म जिवाणूंचं. पुन्हा उसनंच.) घोरपडींच्या लांबच्या नात्यातल्या गिला मॉन्स्टर या अमेरिकन विषारी सरड्याच्या लाळेतल्या घटकावरून बनलेलं मधुमेहाचं औषध २००५ मध्ये आलं.

धोकादायक कोण? सरळ उत्तर : माणसाला कोमोडो. त्याने माणसं मारल्याच्या नोंदी आहेत. आपली घोरपड तशी नाही. ती आधी पळते, मग फुगते, मग शेपटीने मारते, आणि अगदीच कोंडलं तर चावते. चावा खोल असतो आणि सहज सुटत नाही. जखम साबणाने भरपूर धुवा, डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. घोरपडीच्या पिल्लाला काही जण ‘बिस्कोब्रा’ म्हणतात आणि तिच्या फुंकरीने माणूस मरतो असं सांगतात. फुंकरीने कुणी मरत नाही. मुंबईत मी सोडवायला गेलेल्या पिल्लांपैकी कितीतरी या एका समजापायी आधीच ठेचलेली मिळाली आहेत.

आणि उलटा प्रश्नही लिहा : माणूस यांना किती धोकादायक? कोमोडो २०२१ मध्ये ‘संकटग्रस्त’ यादीत गेला. समुद्राची पातळी चढत असल्याने येत्या ४५ वर्षांत त्याला राहण्याजोगी जागा किमान ३० टक्क्यांनी घटेल असा अंदाज आहे. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. तरी तेलासाठी, मांसासाठी, दिमडीच्या कातड्यासाठी ती मारली जाते. ‘हाथाजोडी’ म्हणून पूजेच्या दुकानात मिळणारी ती जोडलेल्या हातांसारखी मुळी दिसली तर घेऊ नका. ती बहुतेक वेळा मुळी नसतेच, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. गोगलगायींना कुणी मारायला जात नाही. त्यांच्या खडकावर भराव पडतो, तेव्हा त्या जातात.

आता प्रत्यक्ष बघायचं कसं. घोरपडीसाठी ऊन लागतं. पावसाची उघडीप झाल्यावर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास राष्ट्रीय उद्यानात रस्त्याकडेच्या खडकांवर, ओंडक्यांवर बघत चाला. घरात किंवा सोसायटीत आली तर दार उघडं ठेवून माणसं बाजूला करा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरावर कळवा. गोगलगायीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अमावास्या-पौर्णिमेला मुंबईत भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते, म्हणजे मोठी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. भरती-ओहोटीच्या तक्त्यात अर्ध्या मीटरच्या खालचा आकडा शोधा. कार्टर रोड किंवा वाळकेश्वरचे खडक चालतील, हाजी अलीलाही बरंच काही आहे. पट्ट्याची चप्पल चालणार नाही, मागून बांधलेले, जाड तळव्याचे बूट हवेत, कारण कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. पाण्याच्या कडेशी आधी पोचा आणि पाणी चढायला लागेल तसं मागे मागे या. दगड उलटलात तर पुन्हा होता तसाच ठेवा, अंड्यांची फीत खालच्या अंगाला असते. एका डबक्याशी दहा मिनिटं बसा. पहिली पाच मिनिटं काही दिसत नाही, मग एकेक दिसायला लागतं. लेकीला सांगा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नकोस.